एका घराचे चार वाद, चार दारं

प्रश्न असा आला आहे: "मी गेवराई तालुक्यात शिक्षक आहे. माझ्या चुलत बहिणीला नवऱ्याने दोन वर्षांपूर्वी दोन लेकरांसह माहेरी आणून सोडलं. तो वाळूजला कंपनीत कामाला आहे. चुलत्यांनी सहा वर्षांपूर्वी चार एकर रान मुलाला बक्षीसपत्राने दिलं, आता मुलगा त्यांना विचारत नाही. त्याच रानाची वाट भावकीने यंदा मे महिन्यात नांगरून टाकली. आणि त्या मुलावर, तो मुकादम आहे, ऊस वाहतूक ठेकेदाराला उचलीपोटी दिलेल्या चेकची केस संभाजीनगरला चालू आहे. दिवाळीनंतर तो टोळी घेऊन कारखान्यावर जातो. शहरातल्या मोठ्या कोर्टात सामान्य माणसांसाठी वेगळी न्यायालयं असतात, तिथे घरचं सगळं एकाच ठिकाणी ऐकून घेतात, असं वाचनात आलं. ती कोणती? आम्ही आधी कुठे जावं?"

सर, तुम्ही जे वाचलं ते बहुधा अमेरिकेतल्या समुदाय न्यायालयांबद्दल असावं. न्यूयॉर्कच्या मिडटाउन भागात १९९३ साली असं न्यायालय सुरू झालं. किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या माणसाला तुरुंगात टाकण्याऐवजी त्याच वस्तीत काम करायला लावायचं, आणि व्यसन, बेकारी, बेघरपणा यांपैकी त्याच्यामागे जे लागलं असेल त्यासाठी त्याच इमारतीत मदत मिळवून द्यायची, ही त्याची पद्धत. पुढे २००० साली ब्रुकलिनमधल्या रेड हुक वस्तीत एका बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीत दुसरं सुरू झालं. तिथे एकाच न्यायाधीशासमोर फौजदारी, घरभाड्याची आणि कौटुंबिक प्रकरणं येऊ लागली. एका घरातलं भांडण तीन ठिकाणी तुकड्या-तुकड्याने न जाता एका माणसाच्या नजरेखाली राहतं, हे त्यातलं मोठं बळ.

आपल्याकडे या अर्थाचं एकच दार नाही. विशेष न्यायालयं मात्र पुष्कळ आहेत. संभाजीनगरला जिल्हा न्यायालय ज्या रस्त्यावर आहे त्याचं नावच अदालत रोड. तेवढ्या एका शहरात कौटुंबिक न्यायालय, कामगार न्यायालय, सहकार न्यायालय, ग्राहक आयोग, मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, कायमस्वरूपी लोकअदालत अशी दारं आहेत. बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी आणि ॲट्रॉसिटीच्या खटल्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष न्यायालय असतं. विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांसाठी बाल न्याय मंडळ असतं, त्यात दंडाधिकाऱ्यासोबत दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात आणि त्यांतली एक स्त्री असावी लागते. पण ही सगळी वाटणी कलमांप्रमाणे झाली आहे. माणसाला आपलं दुःख कलमांत वाटता येत नाही. तुमच्या चुलत्यांच्या घरात चार वाद आहेत आणि कायद्याच्या हिशेबाने त्यांची चार दारं आहेत: दंडाधिकारी, प्रांत (उपविभागीय अधिकारी), तहसीलदार आणि संभाजीनगरचं चेकचं कोर्ट. चारही ठिकाणी चार वकील आणि चार वेगवेगळ्या तारखा झाल्या, तर या घराचं वर्ष बसच्या तिकिटांत जाईल.

मी सत्तावीस वर्षं वकिली करतोय. सुरुवात तालुक्याच्या कोर्टात झाली, नंतर जिल्ह्याला आलो. इतक्या वर्षांत पक्षकाराचं सर्वांत जास्त नुकसान वाईट निकालाने झालेलं मी पाहिलेलं नाही. ते झालं चुकीच्या क्रमाने. आधी जे करायचं ते मागे राहिलं आणि नंतरचं आधी झालं. म्हणून तुमच्या 'कुठे जावं' याच्या आधी 'कोणत्या क्रमाने जावं' याचं उत्तर देतो.

पहिलं वाटेचं. तुम्हाला ते चारांत सगळ्यात लहान वाटत असेल, पण घड्याळ फक्त त्याच्यावर चालू आहे. पूर्वापार वहिवाटीची वाट कोणी अडवली तर ती मोकळी करून मागायचा दावा मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे करता येतो. तहसीलदार तेव्हा न्यायालय म्हणूनच बसतात. पण अडथळा केल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. मे महिन्यात वाट नांगरली असेल तर नोव्हेंबरात ही मुदत संपणार. दिवाळी झाली की चुलत भाऊ टोळी घेऊन निघणार. म्हणजे मुदत आणि माणूस, दोन्ही एकाच सुमाराला हातातून जाणार.

इथे नेहमी होणारी गफलत सांगतो. शेतरस्त्याच्या दोन तरतुदी आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. जुनी, चालती वाट अडवली तर १९०६ चा अधिनियम, कलम ५. मुळात वाटच नाही आणि बांधावरून नवी पाहिजे, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १४३. अर्ज लिहून देणारा घाईत कलम १४३ लिहितो आणि मजकुरात म्हणतो, 'ही वाट आमच्या आजोबांपासून चालू आहे.' मग समोरचा वकील उभा राहून विचारतो, वाट होती म्हणता की नवी मागता? त्या एका प्रश्नावर वर्ष जातं. तुमच्या चुलत्यांची वाट जुनी असेल तर अर्जात तेवढंच आणि तसंच लिहा. वाट कुठल्या गटातून, कोणत्या बांधाने, किती रुंद, त्यावरून बैलगाडी जायची की ट्रॅक्टर, कोणत्या दिवशी कोणी काय केलं, हे लिहा. भावकीच्या जुन्या वैराची कहाणी लिहू नका. तहसीलदार किंवा त्यांचे मंडळ अधिकारी स्थळपाहणीला येतात तेव्हा शेजारच्या शेतकऱ्यांचे जबाब होतात. त्या दिवशी शेजारी गावात असले पाहिजेत, हे बघणं तुमचं काम.

आणि आता यातली खरी मेख. वाटेचा दावा कोण करणार? सातबारा ज्याच्या नावावर, तो. म्हणजे तोच मुलगा, ज्याच्याबद्दल चुलत्यांची तक्रार आहे. तुम्ही आधी प्रांतांकडे त्याच्याविरुद्ध बक्षीसपत्र रद्द करायचा अर्ज टाकलात, तर तो वाटेसाठी पाऊल उचलणार नाही. 'रान जाणारच आहे, वाट कशाला?' असं म्हणेल आणि भावकी वाटेवर सोयाबीन पेरेल. नंतर रान चुलत्यांकडे परत आलं तरी त्याला वाट नसेल. चार दारांच्या व्यवस्थेत हे कोणी सांगत नाही, कारण प्रत्येक दारामागचा माणूस आपल्यापुरता कागद पाहतो.

म्हणून वाटेचा दावा आधी, मुलाच्याच हाताने. चुलत्यांनी त्यात साक्षीदार म्हणून उभं राहावं. बाप आणि मुलगा एका कामासाठी तहसीलला एकत्र गेले, तर पुढची बोलणी थोडी सोपी होतील. असं घडताना मी पाहिलं आहे.

दुसरं बहिणीचं. तिचं प्रकरण कोणासाठीही थांबवू नका. इथे क्रमाचा प्रश्न नाही, ते वाटेच्या बरोबरीनेच सुरू करायचं. तुमच्या मनात संभाजीनगरचं कौटुंबिक न्यायालय आहे असं दिसतं, कारण नवरा वाळूजला आहे. तिला तिथे जायची गरज नाही. पोटगीचा अर्ज ती जिथे राहते तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडे करता येतो. पूर्वीचं कलम १२५ म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खालचा अर्जही ती तात्पुरती राहत असली तरी त्याच जागी चालतो. उद्या घटस्फोटाचा विषय निघाला, तर हिंदू विवाह कायद्यात २००३ पासून पत्नीला स्वतः राहते त्या ठिकाणी अर्ज करायची मुभा आहे. म्हणजे तिचं सगळं बीड जिल्ह्यातच होऊ शकतं. तारखेला नवऱ्याने वाळूजहून यावं. लेकरं घेऊन तिने पहाटेची एसटी धरू नये.

कौटुंबिक न्यायालय वाईट म्हणून हे सांगत नाही. १९८४ च्या कायद्याने ही न्यायालयं आली आणि त्या कायद्याच्या कलम ९ ने आधी समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्यच ठरवलं. तिथे विवाह समुपदेशक असतात. वकील हा पक्षकाराचा हक्क म्हणून उभा राहत नाही, न्यायालयाच्या परवानगीने राहतो. पक्षकाराने मागितलं तर सुनावणी बंद दालनात होते. समुपदेशकासमोर बाई पहिल्यांदा मोकळी बोलते, हे मी कितीदा पाहिलं आहे. कोर्टाच्या पुकाऱ्याच्या गर्दीत ती नुसती मान हलवते. पण ही सोय शहरात राहणाऱ्यांच्या उपयोगाची. गेवराईच्या बाईला शहरात ओढून नेणं म्हणजे तिच्या नावावर असलेली सोय नवऱ्याच्या नावावर करणं.

पोटगीच्या अर्जात अंतरिम पोटगी मागायला विसरू नका. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अंतरिम अर्ज निकाली काढावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त लागतात, पण ते ६० दिवस युक्तिवादात आठवण करून द्यायला कामी येतात. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रकरणांसाठी दोन गोष्टी पक्क्या केल्या: दोन्ही बाजूंनी उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यायचं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. म्हणून अर्ज एक महिना उशिरा टाकला की एक महिन्याची पोटगी गेली. दोन वर्षं गेलीच आहेत, आता आठवडाही दवडू नका.

नवरा 'कंपनीत' आहे म्हणजे काय, हे शोधा. वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा इथे अर्धे लोक ठेकेदाराकडे असतात. कोर्टात आले की म्हणतात, काम सुटलं, बसून आहे. तिच्याकडे त्याच्या बँक पासबुकाचा जुना फोटो, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, पगार झाल्याचा मोबाइलवरचा एखादा संदेश, यांपैकी काही असलं तर त्यावरून नोकरी सिद्ध करता येते. ईएसआयच्या कार्डावर बायको-मुलांची नावं असतात. ते कार्ड कधीकधी माहेरच्या पेटीतच सापडतं.

हुकूम झाल्यावर एक गोष्ट शंभरातल्या नव्वद बायकांना कोणी सांगत नाही, म्हणून इथे ठसवून सांगतो. थकलेली पोटगी वसूल करायचा अर्ज ती रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. तीन वर्षं थांबून एकदम अर्ज केला तर वसुलीचं वॉरंट मागच्या एका वर्षापुरतंच निघतं. 'देईल, देईल' म्हणत वाट पाहणाऱ्या बाईचीच रक्कम बुडते. दर सहा महिन्यांनी वसुलीचा अर्ज टाकायचा, हे तिच्या वहीत लिहून ठेवा.

कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जासाठी तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडून घरगुती घटना अहवाल भरून घेता येतो. पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि अर्जाचा निकाल ६० दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा असं कायद्यात आहे. तिला सासरच्या घरात राहायचा हक्क हवा असेल, दागिने-भांडी परत हवी असतील, तर हा मार्ग. फक्त महिन्याचे पैसे हवे असतील तर कलम १४४ पुरेसं आहे. दोन्ही टाकता येतात. पण एकीकडे मिळालेली रक्कम दुसरीकडे सांगावी लागते, लपवू नये.

आता चुलत्यांचं. ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ खाली न्यायाधिकरण म्हणून उपविभागीय अधिकारी, म्हणजे आपले प्रांत बसतात. साध्या कागदावर अर्ज चालतो आणि कायद्याच्या कलम १७ ने तिथे वकिलाला मनाई केली आहे. मी वकील असून म्हणतो, त्यामागचा हेतू चांगला आहे. म्हाताऱ्या माणसाने स्वतः बोलावं. महिना दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाह रक्कम मिळू शकते. मुलाकडून पोटगी मागायला आई-वडिलांना कलम १४४ ही मोकळं आहे, पण दोन्हीकडे एकाच वेळी जाता येत नाही, एक निवडावं लागतं.

बक्षीसपत्र रद्द करायचं ते कलम २३ ने. हा कायदा आल्यानंतर ज्येष्ठ नागरिकाने 'मला सांभाळशील' या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर ते हस्तांतर फसवणुकीने झालं असं धरून रद्द करता येतं. अडतं ते अटीवर. आपल्याकडचे दस्तलेखक बक्षीसपत्रात 'प्रेम व आपुलकीपोटी' एवढंच छापील वाक्य टाकतात, सांभाळायची अट लिहितच नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं की अशी अट दिसली पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने हा कायदा म्हाताऱ्या माणसाच्या बाजूने उदारपणे वाचावा असं सांगून एक बक्षीसपत्र रद्द ठरवलं. त्या प्रकरणात मुलाने सांभाळायचं वचन वेगळ्या कागदावर लिहून दिलेलं होतं. तेव्हा चुलत्यांच्या घरी बक्षीसपत्राच्या दिवसांतला असा एखादा कागद, पंचांसमोरचं लिहून दिलेलं, काही आहे का ते शोधा.

त्याच्याही आधीचा प्रश्न: हे चार एकर चुलत्यांना कुठून आले? स्वतः विकत घेतले की वडिलांकडून आले? वडिलोपार्जित असतील, तर तुमची चुलत बहीणही त्यात हिस्सेदार आहे. २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्माने सहदायाद, म्हणजे मुलाइतकीच हिस्सेदार झाली आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्यासाठी २००५ साली वडील हयात असायची गरज नाही. मग सगळं रान एकट्या मुलाला बक्षीस द्यायचा चुलत्यांना अधिकार होता का, हा प्रश्न उभा राहतो. त्यासाठी खासरा पाहणी पत्रकापर्यंत, म्हणजे जमिनीच्या जुन्या सरकारी नोंदीपर्यंत मागे जावं लागेल. आपल्या भागात १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं, त्यामुळे त्याआधीच्या नोंदी उर्दूत आहेत. मी वकिलीला लागलो तेव्हा बाररूममध्ये दोन-तीन ज्येष्ठ वकील ते कागद सहज वाचायचे. आज ती नजर असलेली माणसं हाताच्या बोटांवर राहिली. तरुण वकिलांनी ही लिपी शिकून घ्यावी असं मला मनापासून वाटतं, कारण गावोगावच्या जमिनींचं मूळ त्यात अडकलेलं आहे. वाटणीच्या दाव्याचं बळ आणि त्याची मुदत यावर मी कागद पाहिल्याशिवाय बोलणार नाही. तो दावा दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षं चालतो. पण बहिणीचा हिस्सा असू शकतो ही गोष्ट बोलणीच्या वेळी सगळ्यांना माहीत असली पाहिजे, तिलासुद्धा. कोणी तिच्यासमोर हक्कसोडपत्र ठेवलं तर तिने सही करू नये.

चेकच्या केसबद्दल. ती संभाजीनगरला का, असा तुमचा राग दिसतो. २०१५ च्या दुरुस्तीने चेक वटवायला घेणाऱ्याचं खातं ज्या शाखेत आहे तिथे खटला चालतो. ठेकेदाराचं खातं तिथलं, म्हणून केस तिथली. ती गेवराईला आणता येईल अशी आशा धरू नका. 'तो चेक तारण म्हणून दिला होता' हा बचाव प्रत्येक मुकादम सांगतो. चेक बँकेत टाकला त्या दिवशी उचल खरोखर बाकी होती का, यावर तो टिकतो किंवा पडतो. टोळीत किती कोयते (ऊस तोडणारी जोडपी) होते, किती टन ऊस तोडला, किती उचल फिटली, याचा हिशेब कारखान्याच्या स्लिपांवरून मांडा. मुकादम स्लिपा जपून ठेवत नाहीत आणि तिथेच हरतात.

चुलत भावाला माझा निरोप सांगा: तारखेला गैरहजर राहायचं नाही. दिवाळी ते पाडवा माणूस सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात फडावर असतो, समन्स घरी चिकटतं, मग जामीनपात्र वॉरंट, मग अजामीनपात्र. एप्रिलमध्ये परत आला की पोलीस उचलतात. बीड जिल्ह्यातल्या कोर्टांत दर उन्हाळ्यात अशा वॉरंटांची रांग लागते. या माणसांनी काही पळ काढलेला नसतो, पोट घेऊन गेलेली असतात. उपाय आधी करायचा असतो. हंगामाला निघण्यापूर्वीच्या तारखेला स्वतः उभं राहून वकिलामार्फत लेखी अर्ज द्यायचा, कारखान्याशी झालेला करार जोडायचा आणि गैरहजेरीची माफी किंवा हंगामानंतरची तारीख मागायची. आधी मागितलं तर बहुतेक न्यायाधीश ऐकतात. वॉरंट निघाल्यावर तीच गोष्ट सबबीसारखी वाटते. तारीख कळायला संभाजीनगरला जायची गरज नाही. केसच्या कागदावर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो, तो ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला की पुढची तारीख दिसते. तुम्ही शिक्षक आहात, घरातल्या प्रत्येक केसचा तो क्रमांक तुमच्या वहीत असू द्या.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, मग एक दार कुठलंच नाही का? एक आहे, त्याच्यावर न्यायालय असं लिहिलेलं नसतं एवढंच. गेवराईच्या कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती आहे आणि बीडला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. १९८७ च्या कायद्याने ही यंत्रणा उभी राहिली, तो कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. तुमच्या बहिणीला तिथून फुकट वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतली माणसं यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांची मर्यादा आहे. १५१०० हा त्यांचा निःशुल्क फोन क्रमांक. पण फुकट वकील एवढाच त्याचा उपयोग समजू नका. दावा दाखल होण्याआधीच दोन्ही बाजूंना बोलावून बसवायची सोय तिथे आहे. रेड हुकच्या न्यायाधीशाला जे घर एकत्र दिसतं, ते आपल्याकडे पाहायचं असेल तर याच टेबलावर दिसू शकतं. चारही वादांचे कागद एका पिशवीत घालून तिथे जा. वाटेचा दावा आणि पोटगीचा अर्ज दाखल झाला की बाप-मुलाचा विषय दाव्याआधीच्या मध्यस्थीला ठेवा. मुलाने बापाला महिन्याला काही द्यायचं, बापाच्या हयातीपर्यंत एक एकर बापाच्या वहिवाटीत ठेवायचं, असं काही जुळलं तर प्रांतांकडचं भांडण टळेल. चेकची तडजोडही दिवाळीआधी येणाऱ्या राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवता येईल. ती वर्षातून साधारण चार वेळा भरते.

लोकअदालतीचा निवाडा हा दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा समजला जातो, त्यावर अपील नाही, भरलेलं न्यायालय शुल्क परत मिळतं. अपील नाही, हे दोन्ही बाजूंनी धारदार आहे. माझ्या वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका बाईची पोटगीची केस मी लोकअदालतीत एकरकमी मिटवली. दिवसभरात जास्तीत जास्त प्रकरणं मिटावीत अशी सगळ्यांचीच घाई होती, माझीही. रक्कम रोख मिळाली, ती भावाच्या हातात गेली, आणि दीड वर्षाने ती बाई पुन्हा माझ्या टेबलासमोर उभी होती, मुलगी हाताशी धरून. तिने सही माझ्या शब्दावर केली होती. तेव्हापासून मी तीन गोष्टींशिवाय तडजोड लिहीत नाही: पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यात, लेकरांचा वाटा त्यांच्या नावे मुदत ठेवीत वेगळा, आणि लेकरांच्या पोटगीचा हक्क आईने सोडला असं एकही वाक्य नाही. तो हक्क लेकरांचा असतो, आईला तो सोडताच येत नाही. सही करण्याआधी मजकूर तिला मराठीत मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. घाई करणाऱ्याला, मी असलो तरी, थांबवा.

भावाच्या चेकची तडजोड हप्त्यांनी होणार असेल तर हप्ते हंगामाच्या हिशेबाने लिहून घ्या, दर महिन्याचे नकोत. हप्ता चुकला की निवाड्याची वसुली दिवाणी दरखास्तीने, म्हणजे हुकूम अमलात आणायच्या अर्जाने होते, आणि दरखास्तीत जप्ती त्याच चार एकरांवर येऊ शकते. चुलत्यांना आणि बहिणीला हे आधी माहीत असलं पाहिजे.

आणखी दोन दारांची तुम्ही चौकशी कराल म्हणून थोडक्यात. ग्राम न्यायालयांचा कायदा २००८ चा, २ ऑक्टोबर २००९ पासून लागू. दिवाणी दाव्याला शंभर रुपयांपेक्षा जास्त शुल्क नाही, सहा महिन्यांत निकालाचा प्रयत्न, न्यायाधिकाऱ्याने गावात जाऊन बसायची तरतूद. कल्पना फार मोलाची आहे. मी पाहिलेली ग्राम न्यायालयं मात्र तालुक्याच्या त्याच इमारतीत आठवड्यातले ठरावीक दिवस बसणारी होती. न्यायाधीश गावाच्या पारावर आलेला मला पाहायचा आहे, अजून पाहिला नाही. आणि भारतीय न्याय संहितेत १ जुलै २०२४ पासून समाजसेवा ही शिक्षा आली आहे. पाच हजारांखालची पहिली चोरी, माल परत केलेला, किंवा दारू पिऊन सार्वजनिक जागी गोंधळ, अशा मोजक्या गुन्ह्यांसाठी. मिडटाउनमध्ये जे चालतं त्याचं बी आपल्या कायद्यात पडलं, असं मी मानतो. दवाखाना, शाळा, ग्रामपंचायत यांनी कामांच्या याद्या कोर्टाला दिल्या आणि देखरेखीला माणूस दिला तरच ते उगवेल.

तुम्हाला अंतराचा त्रास होतोय, तो या भागाला जुना आहे. १९५६ पर्यंत आपली अपिलं हैदराबादला जायची, नंतर उच्च न्यायालयासाठी मुंबई गाठावी लागायची. २७ ऑगस्ट १९८१ ला औरंगाबादला खंडपीठ बसलं, त्यालाही आव्हान दिलं गेलं आणि १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. त्यासाठी इथल्या वकिलांनी, लोकांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली होती. कोर्ट जवळ आलं की कोण कोण दाद मागायला उभं राहतं, हे माझ्या आधीच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलं. म्हणून बहिणीची केस गेवराईतच ठेवा, असं इतकं आग्रहाने सांगतोय.

समितीत जाताना बक्षीसपत्राची नक्कल, चालू आणि जुने सातबारा, फेरफार, चेकच्या केसचा कागद, बहिणीची लग्नपत्रिका किंवा फोटो, लेकरांचे शाळेचे दाखले, सगळ्यांची आधार कार्डं एवढं घ्या. चुलत्यांना सोबत न्या आणि त्यांचं म्हणणं त्यांनाच सांगू द्या, मध्येच त्यांचं वाक्य पुरं करू नका. आणि आज संध्याकाळी उजेड असतानाच रानात जाऊन नांगरलेल्या वाटेचे फोटो काढा, दोन्ही टोकांनी, बांधावरचं एखादं झाड किंवा विहीर दिसेल असे. एकदा पेरणी झाली आणि पीक वर आलं की वाट कुठून जात होती हे पंचांनाही दाखवता येणार नाही.